सहावी-सातवीच्या मुलांचा मोबाइल : घरात होणाऱ्या या चुका टाळा

पालकसभा संपते, गुणपत्रिकांवर सह्या होतात, वर्ग रिकामा होतो आणि दोन-तीन आया दाराशी रेंगाळतात. प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, मोबाइलचं काय करू?" सहावी-सातवीला शिकवताना मला सोळा वर्षं झाली. पूर्वी हा प्रश्न नववी-दहावीच्या पालकांना पडायचा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलवर भरू लागले आणि तेव्हा मुलांच्या हाती गेलेला मोबाइल नंतर बऱ्याच घरांत परत आलाच नाही.

चुका मात्र घरोघरी सारख्याच होतात. मला सगळ्यात घातक वाटते ती आधी सांगते.

"परत असं दिसलं तर मोबाइल कायमचा बंद!"

माझ्या वर्गात सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा न उघडताच बसू लागली. तिसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बराच वेळ ती डब्याचं झाकण नखाने खरवडत होती. मग म्हणाली, "मॅडम, आईला सांगणार नाही ना?" कुठल्याशा दुसऱ्या मुलीच्या नावाचं एक अनोळखी खातं होतं. आधी मैत्री, मग फोटोची मागणी, मग तोच फोटो सगळ्यांना पाठवण्याची धमकी. तीन आठवडे ती हे एकटी सोसत होती. आईला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली, "आई म्हणाली होती, काही वाकडं दिसलं तर मोबाइल काढून घेईन."

आई हे काळजीपोटीच बोलली होती. मुलीच्या मनात मात्र एवढंच बसलं, की सांगितलं तर शिक्षा आपल्यालाच. त्या दुपारी मी आईला बोलावून घेतलं. ती मुलीला जवळ घेऊन इतकी रडली की मलाही आवरेना.

म्हणून काही घडायच्या आधीच मुलांना स्पष्ट सांगून ठेवा, "काहीही झालं तरी आधी मला सांग. सांगितलंस म्हणून मोबाइल काढून घेणार नाही." आणि दिलेला शब्द पाळा. एकदा मोडलात, तर दुसऱ्यांदा मूल तुमच्याकडे येणार नाही.

असा प्रकार झालाच, तर घाबरून चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा असतो. खात्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट काढा आणि मगच ब्लॉक करा. पैसे किंवा आणखी फोटो अजिबात पाठवू नका. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

वय खोटं टाकून खातं उघडून देणं

हे पालक स्वतःच करतात. इन्स्टाग्रामला १३ वर्षं पूर्ण हवीत, मुलगा हट्ट करतो, मग बाबाच जन्मसाल मागे नेऊन टाकतात. १८ वर्षांखालच्या मुलांचं खातं इन्स्टाग्राम आपोआप खाजगी ठेवतं, अनोळखी माणसांचे मेसेज अडवतं. भारतात ही टीन अकाउंटची सोय २०२५ मध्ये आली. पण खात्यावर जन्मसाल २००० असेल, तर ॲपच्या दृष्टीने तुमचा बारा वर्षांचा मुलगा पंचविशीतला बाप्या! त्याला यातलं काहीच संरक्षण मिळत नाही. वयात बसत नसेल तर खातं नको, आणि का नको हे त्याला समजावून सांगा.

लॉक लावला म्हणजे झालं, असं समजणं

मुलांच्या फोनवर पालकांना लक्ष ठेवू देणारं गूगलचं फॅमिली लिंक चांगलं ॲप आहे, मीही वापरते. पण ते चालतं मुलाच्या स्वतःच्या गूगल खात्यावर. आपल्याकडे बहुतेक घरांत मूल आईचाच फोन वापरतं, आईच्याच खात्यावर. तिथे त्याचा काही उपयोग नाही. अशा वेळी सेटिंग्जमधलं ॲप पिनिंग सुरू करा आणि पिनिंग काढताना पासवर्ड मागण्याचा पर्यायही निवडा. मग हवं ते ॲप पिन करून फोन हातात दिला तरी समोरचं एकच ॲप उघडं राहतं.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. यूट्यूबचं ॲप बंद करता, पण तेच यूट्यूब क्रोममध्ये उघडतं. कपाटातला बाबांचा जुना फोन घरच्या वायफायवर मजेत चालतो. यूपीआयचा पिन मुलांना पाठ असतो, कारण दुकानात पैसे देताना ती शेजारीच उभी असतात. तो आजच बदला. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते 'माझे संपर्क' एवढंच ठेवा.

"ग्रुपवर गृहपाठ आलाय, फोन दे"

यात आम्हा शिक्षकांची चूक आहे आणि ती मी मान्य करते. संध्याकाळी साडेसातला ग्रुपवर गृहपाठ टाकला की मुलाला फोन मागायला हक्काचं कारण मिळतं. दोन ओळी उतरवायला घेतलेला फोन जेवायची ताटं वाढेपर्यंत सुटत नाही. गेल्या जूनपासून माझ्या वर्गात शेवटच्या तासाला गृहपाठ फळ्यावर लिहिते, मुलं वहीत उतरवतात. तुमच्या वर्गशिक्षकांना पालकसभेत हे मोकळेपणाने सुचवा. ते जमेपर्यंत ग्रुपवरचा गृहपाठ तुम्हीच कागदावर लिहून मुलाच्या हातात द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

गेम मध्येच बंद करायला लावणं

"आत्ताच्या आत्ता ठेव" म्हटलं की मुलगा ओरडतो आणि आपल्याला वाटतं, वाया गेला. जरा त्याच्या बाजूने बघा. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) सारख्या गेममध्ये चौघांचा संघ असतो, मॅच थांबवून ठेवता येत नाही आणि ती अर्ध्या तासापर्यंत चालू शकते. मध्येच उठलं की बाकीचे तिघं त्याच्यावर चिडतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते ऐकून घ्यावं लागतं. मिनिटांऐवजी मॅच मोजा. शाळेच्या दिवशी एक, सुट्टीला दोन. शेवटची मॅच सुरू व्हायच्या आधी आठवण करा. माझ्या ओळखीच्या एका घरात रोजची भांडणं एवढ्याने थांबली.

चांगले मार्क पडले की नवा फोन, कमी पडले की फोन बंद, हेही करू नका. अभ्यास आणि फोन यांची गाठ मारली की मुलाला दोन्हींचा धाक वाटू लागतो.

नियम फक्त मुलांना

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ मध्ये तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास मोबाइल, टीव्ही बंद राहू लागले. मुलं अभ्यासाला बसू लागली आणि मोठी माणसंही फोन बाजूला ठेवू लागली. हे जमलं ते भोंगा सगळ्या गावासाठी होता म्हणून.

आपल्या घरात भोंगा नसला तरी चार्जर आहे. सगळे चार्जर झोपायच्या खोल्यांतून काढून बाहेरच्या खोलीत एकाच बोर्डावर आणा. रात्री नऊला घरातले सगळे फोन तिथे लागले पाहिजेत, बाबांचा सुद्धा. "गजर कसा लावू?" हा प्रश्न पहिल्याच रात्री येईल, त्यासाठी एक साधं गजराचं घड्याळ आणून ठेवा. पहिला आठवडा घर तापलेलं राहील. दारं आपटतील, "सगळ्यांच्या आया देतात" हे ऐकावं लागेल. तेव्हा रडण्यापुढे नमून वेळ वाढवू नका आणि चिडून कमीही करू नका. नऊ म्हणजे नऊ. आणि रात्री दहाला मूल खोलीतून येऊन "आई, एक सांगायचं होतं" म्हणालं, तर तुमचा फोन बोर्डावर असल्यामुळे तुमचे दोन्ही हात मोकळे असतील.