खाडीचं पाणी बिघडतं ते सड्यावर: किनाऱ्यालगतच्या गावांनी या चुका टाळा

मिरगाच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरी कोसळल्या की आमच्या पऱ्याचं, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्याचं, पाणी आधी तांबडं होतं, मग काळपट, आणि कडेला फेस घेऊन खाडीत उतरतं. त्या दिवशी गावात हमखास एकच बोलणं असतं, "वरून कोणीतरी काहीतरी सोडलं." गावच्या पाणी समितीत आले तेव्हा मीही हेच म्हणत होते. कुठला तरी नळ सापडेल म्हणून काठाने फिरले. नळ नव्हताच.

कारखान्याच्या पाइपातून पडणारी घाण दाखवता येते, मोजता येते. 1974चा जल कायदाही मुख्यतः अशा दाखवता येणाऱ्या तोंडांचाच विचार करतो. पण बागेतून वाहून गेलेलं खत, गोठ्याचं शेण, शोषखड्ड्याचा पाझर, गॅरेजच्या दारातलं काळं ऑइल यांना तोंड नसतं. ही थोडी थोडी घाण पाऊस गोळा करतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, खाडीपर्यंतचा उतार इतका आखूड की पाण्याला वाटेत थांबायला, निवळायला वेळच मिळत नाही.

शोध खाडीच्या तोंडाशी घेणं

ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याच चुका हिच्यातून निघतात. खाडीत सगळं मिसळून गेलेलं असतं, तिथल्या एका नमुन्यावरून काहीच कळत नाही. पहिला मोठा पाऊस पडत असताना छत्री आणि वही घ्या आणि पऱ्याने वर चालत जा. जिथे दुसरा ओहोळ येऊन मिळतो तिथे थांबा आणि दोन्हीकडचं पाणी बघा, वास घ्या. कुठल्या फाट्याला फेस आहे, कुठल्या पाण्यावर तेलाचा रंगीत पापुद्रा आहे, हे लिहून ठेवा. वर्षभराची साठलेली घाण याच सरींबरोबर निघते, म्हणून जुलैत केलेली हीच फेरी निम्मंही सांगत नाही.

"आमची टाकी पंधरा वर्षांत उपसावी लागली नाही"

हे वाक्य आमच्याकडे अभिमानाने सांगतात. खरं तर तो बिघाडाचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आहे. सेप्टिक टाकी नीट काम करत असेल तर तिच्यात गाळ साठतो आणि दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. जी कधीच भरत नाही, ती खालून गळते. चिऱ्यांची बांधणी, आतून गिलावा नाही, तळ उघडा, अशा खड्ड्यालाही आपण टाकीच म्हणतो.

त्यात आपला जांभा. तो दगड भोकाभोकांचा, फटींचा. मातीतून पाणी गाळत गाळत जातं, जांभ्याच्या फटीतून ते सरळ धावतं. विहिरीपासून शौचालयाचा खड्डा 15 मीटर लांब हवा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. मातीच्या जमिनीत त्याला अर्थ आहे. जांभ्यावर मी विहिरीपासून याच्या दुप्पट लांबचा खड्डा दोषी निघालेला पाहिला आहे. विहीर उताराला खाली होती आणि वरच्या अंगाला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. पावसाळ्यात विहिरीचं पाणी काठाशी आलं की खड्ड्याचा तळच पाण्यात बुडायचा. पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का ते दाखवणाऱ्या एचटूएस चाचणीची बाटली खुणेपर्यंत भरून मी घरात कपाटावर ठेवली. काळी झाली तर पाणी पिण्यालायक नाही, आणि त्यासाठी 24 ते 48 तास वाट बघायची असते. ही सकाळ व्हायच्या आत काळी झाली होती.

मग आम्ही दुसरी चूक केली: विहिरीत टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वाढवली. पुढची बाटली स्वच्छ आली, सगळ्यांना बरं वाटलं आणि खड्डा तसाच राहिला. टीसीएल जंतू मारते. मैल्याबरोबर येणारं नायट्रेट तिने जात नाही. पाणी उकळूनही जात नाही, उलट पाणी आटलं की ते दाट होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. बाटलीत ते दिसत नाही.

उपाय खड्ड्यापाशीच करावा लागतो. दोन खड्ड्यांचं शौचालय असेल तर एक भरल्यावर तो निदान वर्षभर बंद ठेवायचा. पाण्याची पातळी वर येते तिथे खड्डा उथळ आणि उंचवट्यावर घ्यायचा, तळ बंद करायचा आणि भोवती अर्ध्या मीटरचा बारीक वाळूचा थर द्यायचा. टाकी असेल तर आतून गिलावा हवाच. आणि उपसणारा टँकर नेमका कुठे रिकामा होतो ते विचारा. रात्री खाडीकाठच्या खाजणात सोडलेला मैला पुढच्या भरतीला परत आपल्याच दारात येतो.

पाऊस बघून खत टाकणं

"उद्या पाऊस लागणार, आज युरिया मारून घेऊ." पाऊस जोराचा असेल तर त्यातला मोठा वाटा पऱ्यात जातो, पैसाही त्याच वाटेने जातो. खाडीच्या संथ पाण्यात तेच नत्र शेवाळ वाढवतं. शेवाळ मरून कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात.

भाताला यावर आपल्याकडेच चांगली वाट आहे. चारसूत्री लागवडीत युरिया-डीएपीची गोळी, साधारण 2.7 ग्रॅमची, चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध चिखलात 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचतात. खत वाहून जात नाही आणि लागतंही कमी. वाकून हाताने गोळ्या खोचायचं काम बायकांच्या वाट्याला येतं आणि ते कष्टाचं आहे, म्हणून अनेकांनी सोडून दिलं. मजुरीत दोन पैसे जास्त द्यावे लागले तरी ही पद्धत टिकवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

हापूसच्या बागेत कल्टार (मोहोर येण्यासाठी झाडाला घालायचं औषध) अंदाजाने ओतणं ही तशीच चूक. ते जमिनीत दीर्घकाळ राहतं. झाडाच्या विस्ताराप्रमाणे मोजून, बुंध्याभोवती छोटे खड्डे घेऊन, पावसाची उघडीप बघून घालावं. आणि कृपा करून फवारणीचा पंप व्हाळावर धुऊ नका. धुतलेलं पाणी पुन्हा बागेतच, कलमांवर मारून संपवा. रिकाम्या बाटलीत उरलेले चार थेंबही वाहत्या पाण्यातल्या कोळंबीच्या पिल्लांना फार असतात.

पऱ्या "साफ" करणं

दर मे महिन्यात काठावरची निगडी, केवडा, गवत सगळं कापून पऱ्या चकचकीत करतात, आणि निधी आला की दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत घालतात. मन लावून, चांगल्या हेतूने केलेलं हे काम सगळ्यात जास्त नुकसान करतं. त्या झाडोऱ्यात पाणी अडखळायचं, गाळ बसायचा, मुळं खत शोषून घ्यायची. प्लॅस्टिक आणि कचरा जरूर काढा. झाडोरा ठेवा, निदान काठाची दोन-तीन मीटरची पट्टी. खाली कांदळवन तेच काम करतं. ते संरक्षित आहे; त्यात भराव टाकणं गुन्हा आहे.

काळ्या ऑइलचं थोडक्यात: होडीच्या तळातलं तेलकट पाणी बंदरात उपसू नका. जेटीवर एक झाकणाचं पिंप ठेवलं तर भंगारवाला ते ऑइल विकत नेतो.

लक्षणावरून कारण कसं ओळखायचं

विहीर फक्त पावसात खराब होत असेल तर आधी कठडा आणि भोवतालचा ओटा बघा. फुटलेल्या ओट्यातून वरचं पाणी आत जातं आणि दुरुस्ती दिवसाभराची असते. ओटा शाबूत असूनही पावसात खराब, तर उताराच्या वरच्या अंगाचे खड्डे तपासा. एप्रिलमध्येही बाटली काळी होत असेल तर खड्डा जवळच आहे. उन्हाळ्यात पाणी खारट लागतं, हा उपसा जास्त झाल्याचा परिणाम. त्याचा इथे संबंध नाही. पहिल्या पुरानंतर तिसऱ्या, मुळे, कालवं ही शिंपल्यांतली मासळी काही दिवस काढू नये. ती पाणी गाळूनच पोट भरते, म्हणून घाण अंगात साठवते. शिजवून जंतू मरतात, फवारणीचं औषध मरत नाही.

एक चूक ग्रामसभेत होते: नाव घेणं. मी घेतलं होतं. खोल्यांच्या मालकांनी वर्षभर समितीच्या माणसाला आवारात पाय ठेवू दिला नाही. पुढच्या वर्षी मी विहिरींना नंबर दिले, सगळ्या बाटल्या नंबर लावून टेबलावर एका रांगेत ठेवल्या आणि कोणाचंच नाव घेतलं नाही. सभा संपल्यावर तेच दादा जवळ आले, सात नंबरची बाटली हातात घेऊन हळूच म्हणाले, "वहिनी, गवंडी कधी लावू?"

टाकीला गिलावा झाला. ऑक्टोबरात सात नंबरची बाटली पुन्हा लावली. काळी झालीच, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आता त्याच उतारावरचा गोठा आणि त्याचा उकिरडा बघायचा आहे.