आधी वही, मग लॅपटॉप: प्लाझ्मा लहरींनी तापवताना
नाशिकला कॉलेज रोडवरच्या आमच्या घरी रविवारी एमएस्सीची चार-पाच पोरं येतात. टोकामाक या वड्याच्या आकाराच्या फ्यूजन यंत्रात चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेला प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला तापलेला वायू, मायक्रोवेव्हने कसा तापतो, याचं सिम्युलेशन त्यांना करायचं असतं. आल्या आल्या मी लॅपटॉप मिटायला लावते.

याला कारण माझीच फजिती. पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी १७० गिगाहर्ट्झ घातले आणि २ पायने (२π) गुणायचं विसरले. किरण प्लाझ्मातून आरपार, उष्णता शून्य. दोन रात्री शोषणाचं सूत्र उलटसुलट तपासलं. शेवटी वहीत भागाकार केला, तर रेझोनन्स, म्हणजे लहर इलेक्ट्रॉनच्या गिरकीशी जुळून शोषली जाते ती जागा, यंत्राच्या मध्यापासून ३४ मीटरवर! प्लाझ्माची बाहेरची कड ८.२ मीटरवर. म्हणजे आमचा हॉल आणि रस्ता ओलांडून थेट समोरच्या मिसळवाल्याच्या तर्रीत. दोन पाय काढून घेतले, तरी रेझोनन्स पळाला तो पळालाच.

तर वही उघडा. फ्रान्समध्ये उभारणी चाललेल्या इटर या टोकामाकचे आकडे घ्या: मध्यापासून ६.२ मीटरवर चुंबकीय क्षेत्र ५.३ टेस्ला, आणि बाहेर जावं तसं ते अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. इलेक्ट्रॉन दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झने गिरक्या घेतो. १७० भागिले २८, म्हणजे ६.०७ टेस्ला. एवढं क्षेत्र मिळतं ५.४१ मीटरवर. हा आकडा पानाच्या कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवा.

आता लहर तिथवर पोचते का? गोदेला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो, पाणी कमरेला की गळ्याला. इथे घनता बघायची. दर घनमीटरला १ वर २० शून्यं इतके इलेक्ट्रॉन असले, तर वर्गमूळ गुणिले ८.९८ केल्यावर प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी जवळपास ९० गिगाहर्ट्झ येते. आपली लहर १७० ची, ओ-मोडमध्ये, म्हणजे तिचं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्राला समांतर ठेवून, सोडली तर आरामात आत जाते. प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी १७० च्या वर गेली असती, तर लहर उलटी फिरली असती.

मग पद्धत ठरवा. १७० गिगाहर्ट्झची तरंगलांबी १.८ मिलिमीटरही नाही, आणि प्लाझ्माची रुंदी ४ मीटर. म्हणून इथे किरण मागोवा, म्हणजे रे ट्रेसिंग, चालतं. अख्खी लहर जाळीवर सोडवायला गेलात, तर दर तरंगलांबीला २० बिंदू धरून एका दिशेतच ४५ हजार बिंदू होतात. तिन्ही दिशांत लॅपटॉपचा जीव जाईल. उलट आयन तापवायच्या ५० मेगाहर्ट्झच्या लहरीची निर्वातातली लांबी ६ मीटर, जवळपास यंत्राएवढीच. तिथे किरण या कल्पनेलाच अर्थ नाही, पूर्ण लहरच सोडवावी लागते. कोणी ‘रे ट्रेसिंग सगळीकडे चालतं’ म्हणालं, तर त्याला आधी तरंगलांबी विचारा.

आता लॅपटॉप उघडा. पायथन, घनतेचा पॅराबोला, किरण पावलापावलाने पुढे न्यायला चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत, बस. दर पावलाला डिस्पर्शन समीकरण, म्हणजे लहरीची फ्रिक्वेन्सी आणि तरंगलांबी जोडणारं समीकरण, शून्याच्या जवळ राहतंय का, ते छापा; ते ढळलं तर पाऊल अर्ध्यावर आणा.

शोषण मात्र थंड प्लाझ्माच्या, म्हणजे तापमान शून्य धरणाऱ्या, समीकरणातून काढू नका, तापमान लागतंच. १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन सापेक्षतेमुळे २ टक्के जड होतो, त्याला २ टक्के जास्त क्षेत्र लागतं, आणि शोषणाची जागा सुमारे ११ सेंटिमीटर आत सरकते. किरण तिरका सोडलात तर डॉप्लरचा हिशेब वेगळा.

शेवटी माझी आवडती परीक्षा: क्षेत्र १ टक्का वाढवा. थंड रेझोनन्स, म्हणजे चौकटीतला ५.४१, हा ५.४ सेंटिमीटर बाहेर सरकलाच पाहिजे. जागचा हलला नाही, तर बहुतेक वेळा क्षेत्र कोडमध्ये दोन ठिकाणी लिहिलेलं असतं आणि तुम्ही एकाच ठिकाणी बदललेलं असतं.