घरची माणसं, जुनं कटर, नवं कटर आणि पावसाळ्याचं जळण

मृगाचा पाऊस पडायच्या आत जळण कोरड्यात गेलं पाहिजे हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. गॅस घरोघरी आलाय पण अंघोळीचा बंब काय सुटलेला नाही, चुलीवरची भाकरी आणि मटण तर सुटणारच नाही, आणि गगनबावडा, राधानगरी, आजरा या पट्ट्यात एकदा झड लागली की दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही, मग ओलं लाकूड फुंकत डोळ्यातनं पाणी काढत बसायचं. त्यामुळं कापायचं काम पाडव्याच्या पुढंमागं उरकायचं, म्हणजे एप्रिल-मेचं सगळं ऊन लाकडाला मिळतं.

आता बऱ्याच घरात लाकूड कापायचं एक जुनं कटर, म्हणजे चेनसॉ, असतंय, चुलत्यानं कधीतरी वखारवाल्याकडनं घेतलेलं, आणि एक नवं, पोरानं ऑनलाइन मागवलेलं. रविवार बघून सगळं घर रानात जातं, दोन्ही मशीन एकदम चालू होतात आणि तिथंच घोळ होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन मशीन असली तरी एका वेळी एकच चालू ठेवायचं. काम हळू होतं असं वाटतं, पण होत नाही, का ते पुढं येईल.

आधी लाकूड कुठलं ते बघा. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, खैर, चंदन ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वळवानं आंबा आडवा झाला असला तरी फोटो काढून वनरक्षकाला नाहीतर तलाठ्याला सांगून ठेवायचं, नंतर ट्रॉली अडवली की तिथं रस्त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. जळणाला खरं लाकूड म्हणजे बाभूळ, निखारा टिकतो. सुबाभूळ, निलगिरी चालतात. पांगारा, शेवगा नुसता धूर. कण्हेर जाळायची नाही, विषारी आहे, आणि बिब्ब्याच्या वाटेला तर जाऊच नका, त्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात. पंचगंगा, भोगावतीच्या काठाला पुरात वाहून आलेली लाकडं फुकट मिळतात म्हणून लोक आणतात, २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तर ढीग पडलेले, पण त्यांच्या सालीत वाळू बसलेली असते आणि वाळूनं चेनची धार दोन कापात जाते. असलं लाकूड घेतलंच तर जिथं कापायचं तिथली साल आधी कुऱ्हाडीनं तासून काढायची. बांधावरच्या बाभळीत कुंपणाची तार आणि खिळे मुरलेले असतात तेपण बघून घ्या, सालीवर काळपट निळा डाग दिसला की आत लोखंड आहे समजायचं.

आता मशीन. जुन्या कटरला बहुतेक चेन ब्रेक नसतो, चेन तुटली तर अडवणारा कॅचर नसतो, हँडलला रबर नसल्यामुळं हाताला मुंग्या येतात, आणि काहींना तर चेनचं ऑइल अंगठ्यानं पंप दाबून सोडायला लागतं, विसरला की बार (ज्या लांब पात्यावरनं चेन फिरते तो) तापून निळा. पण ताकद असते आणि वजनही असतं, त्यामुळं जमिनीवर आडव्या पडलेल्या जाड ओंडक्याला ते बरं. नव्या मशीनला पुढच्या हँडलच्या समोर जी प्लॅस्टिकची ढाल असते तोच ब्रेक, मशीन उसळलं की मनगट लागून नाहीतर झटक्यानं आपोआप चेन थांबते. म्हणून वाटणी अशी करायची: फांद्या, वेडीवाकडी लाकडं, ताणात असलेली लाकडं, हे सगळं नव्या मशीननं. सरळ पडलेलं बुंध्याचं लाकूड जुन्यानं, आणि ते फक्त त्याच माणसाच्या हातात ज्याला ते मशीन वर्षानुवर्षं माहीत आहे. आण्णांना जुनंच आवडतंय ना, तर आण्णांनी जुनं धरावं, पण फांद्या छाटायला नाही. आणि विशीतल्या पोराला ब्रेक नसलेलं मशीन द्यायचं नाही, तो कितीबी म्हणू दे "मला येतंय लगा". उभं झाड पाडायचं असलं तर हे काम करणारा माणूस बोलवा, इथं मी पडलेल्या लाकडाचंच सांगतोय.

पेट्रोल. ही टू स्ट्रोक मशीन आहेत, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायला लागतंय. नव्या चांगल्या मशीनला बहुतेक ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. जुन्याला आणि त्या ५८ सीसीच्या चायना मशीनला साधारण २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली, पुस्तिका असली तर तीच खरी मानायची. दोन कॅन वेगळे ठेवा आणि वर मार्करनं मोठं लिहा, कारण जुन्याच्या कॅनमधलं नव्यात गेलं तर धूर आणि काजळीवर भागतं पण उलटं झालं, किंवा कुणी नुसतंच पेट्रोल ओतलं, तर पिस्टन धरतो आणि मशीन भंगारात. दुसरं म्हणजे आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसातनं गेलेलं असंल म्हणा, पण जुन्या कार्बोरेटरचा रबरी पडदा आणि पाइप त्यानं कडक होतात, आणि ते हवेतलं पाणीही ओढतं. म्हणून मिक्स केलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवायचं नाही, लागंल तेवढंच बनवायचं. टाकी भरताना मशीन गार झालेलं असावं, आणि जिथं भरलं तिथंच चालू करायचं नाही, चार पावलं लांब जायचं. बिडीवाल्यांनी आणखी लांब.

चेनच्या ऑइलला लोक ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल वापरतात. मला ते पटत नाही. त्यात धातूचा बारीक कीस असतो, पंप आणि बार दोन्ही खातं, शिवाय ते उडून अंगावर येतं आणि कातडीला वाईट. चेनचं ऑइल नाहीच मिळालं तर साधं नवीन इंजिन ऑइल घाला. ऑइल येतंय का बघायला बारचं टोक एखाद्या पांढऱ्या पोत्यासमोर, न टेकवता, धरून रेस करायची, पोत्यावर बारीक रेघ उमटली की येतंय.

चेन बसवताना दात कुठल्या तोंडाला ते बघा, बारच्या वरच्या बाजूला दात पुढं टोकाकडं बघत असले पाहिजेत. उलटी चेन घालून "मशीनच बोगस आलंय" म्हणून रिटर्न करणारी माणसं आहेत. ताण गार मशीनवर बघायचा: बारच्या मध्यावर चेन उचलली तर थोडी उचलावी पण खालचे दात खाचेतनं पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि हातमोजा घालून ओढली तर चेन मोकळी फिरावी. काम करताना चेन तापून सैल होते, तेव्हा आवळायची, पण काम संपल्यावर परत सैल करायची, नाहीतर गार होताना आकसून बार ओढून धरते.

धार गेली हे भुशावरनं कळतं. चांगल्या चेनमधनं चिपा पडतात, धार गेली की पिठासारखा भुसा पडतो आणि माणूस मशीनवर जोर द्यायला लागतो. जोर द्यायला लागला की थांबायचं, आणि बहुतेक अपघात तिथनंच सुरू होतात. गोल कानस लागते, लहान मशीनच्या बारीक ३/८ इंची चेनला ४ मिमी, ०.३२५ इंची चेनला ४.८ मिमी, चेनच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे, ३० अंशात, कानस फक्त पुढं ढकलायची, मागं ओढायची नाही, आधी एका बाजूचे सगळे दात आणि मग दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला जास्त घासलं की काप वाकडा जातो. हे काम आमच्यात बायकाच जास्त नीट करतात, हात धीराचा असतो.

अंगावर काय? कोल्हापुरी पायताण घरात ठेवा, स्लिपरपण, बूट घाला, जाड असतील तर उत्तम. गळ्यातला टॉवेल, ओढणी, लुंगी, सैल बाह्या काहीच नको, पदर घट्ट खोचलेला. डोळ्याला चष्मा, आणि कानाला मफ नाहीतर निदान प्लग, कारण पेट्रोलचं मशीन १०० डेसिबलच्या पुढं जातं. आता एकच मशीन चालू ठेवायचं ते ह्यासाठी. दोन चालू असली की कोण ओरडतंय कुणालाच कळत नाही, दोघांनीही कान झाकलेले, आणि मधनं आज्जी चहा घेऊन येते. एक चालू असलं की बाकीच्यांची नजर त्याच्यावर राहते. आणि दुसऱ्यानं तोवर काय करायचं? धार लावायची, पेट्रोल भरायचं, पुढचा ओंडका लावून ठेवायचा, म्हणून काम हळू होत नाही म्हटलं. हाताच्या खुणा ठरवून घ्या, हात वर म्हणजे थांब. कापणाऱ्याला मागनं जाऊन हात लावायचा नाही, समोरनं, लांबनं, नजरेला नजर मिळवून. मशीन चालू असताना बाकी सगळे तीस फुटांच्या बाहेर, पोरं त्याहून लांब, पोरांना बारक्या काटक्यांच्या मोळ्या बांधायला बसवा.

चालू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, मागच्या हँडलमध्ये उजव्या पायाचा बूट, डावा हात पुढच्या हँडलवर, मग दोरी. हातात लोंबतं धरून दोरी ओढायची स्टाइल बंद करा. जुन्याला ब्रेक नसला तर चेनच्या आजूबाजूला काटकीसुद्धा नसावी, चोकवर चालू झालं की चेन लगेच फिरते.

कापताना दोन्ही हात, डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालनं पूर्ण वळवून. सगळ्यात धोक्याचं ठिकाण म्हणजे बारच्या टोकाचा वरचा भाग, तो कशाला टेकला की मशीन क्षणात उलटं तोंडाकडं येतं, कितीही दणकट गडी असला तरी आवरत नाही. म्हणून टोकानं कापायचं नाही, बारच्या मशीनजवळच्या भागानं कापायचं, डोकं बारच्या रेषेत ठेवायचं नाही, आणि मशीन खांद्याच्या वर न्यायचं नाही.

लाकडाचा ताण ओळखायला शिकणं हे खरं कसब. ओंडका दोन्ही टोकांना टेकलाय आणि मध्ये अधांतरी आहे, तर वरची बाजू दाबात असते, सरळ वरनं कापत गेलं की काप मिटतो आणि बार अडकतो. वरनं साधारण तिसरा हिस्सा कापायचा आणि उरलेलं खालनं वर. एकच टोक टेकलंय आणि दुसरं हवेत, तर उलटं, आधी खालनं तिसरा हिस्सा, मग वरनं, नाहीतर लाकूड चिरत जातं. पूर्ण जमिनीवर पडलेला ओंडका एका दमात आरपार कापायचा नाही, चेन मातीला लागते. पाऊणपर्यंत सगळे काप मारून घ्या, मग पहारीनं ओंडका पालथा करा आणि राहिलेलं कापा. काप मिटायला लागला तर पाचर ठोका, लाकडाची, लोखंडाची नको. बार अडकलाच तर मशीन बंद करून पाचरीनं काप उघडायचा, चालू मशीन ओढत बसायचं नाही. उतारावर असाल तर कापणारा कायम वरच्या अंगाला.

बारक्या लाकडांना घोडी बनवून घ्या, फुलीसारखी दोन-तीन लाकडं जोडलेली. हातानं किंवा पायानं दाबून धरलेल्या लाकडावर मशीन चालवायचं नाही आणि दुसऱ्याला धरायला पण लावायचं नाही.

बॅटरीची ती छोटी मशीन, सहा-आठ इंचाची, मनगटाएवढ्या फांद्यांना झकास आहेत, आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही. पण हलकी म्हणून लोक एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात फांदी धरतात, आणि मग बोटं जातात. चेन आवळताना, साफ करताना बॅटरी काढून खिशात घालायची. वायरवालं घ्यायचं असलं तर २००० वॅटच्या मशीनला ९ अँपियरच्या आसपास लागतात, बारीक एक्स्टेन्शन लांबवर ओढलं आणि त्यात गावाकडचं डिम व्होल्टेज, की मोटर जळते.

लांबी घरात विचारूनच कापा, नाहीतर वहिनी परत सगळं कापायला लावतील आणि ते बरोबरच आहे. चुलीला दीड फूट, बंबाला वीतभर, यात्रेच्या मोठ्या चुलीला अडीच-तीन फूट. फोडायचं ते ओलं असतानाच, निलगिरी तर वाळल्यावर कुऱ्हाड लागू देत नाही. चिंचेच्या गाठी घण-पाचरीनंही जात नाहीत, त्या तशाच ठेवून रात्रभराच्या आगटीला वापरा.

थप्पी लावताना खाली दगड, भिंतीपासून वीतभर अंतर, साल वरच्या बाजूला, आणि ताडपत्री फक्त डोक्यावर, चारी बाजूंनी गुंडाळली की आत वाफ धरते आणि बुरशी. लाकूड वाळलं की टोकाला चिरा पडतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजतं. पावसाळ्यात थप्पीतनं काढताना आधी काठीनं ठोकायचं, घोणस आणि विंचू हमखास असतात.

रानात जाताना एक गाडी तोंड रस्त्याकडं करून लावलेली असावी, स्वच्छ सुती कापड आणि पट्टी सोबत असावी. लागलं तर कापड घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही, आणि १०८ ला फोन. गगनबावड्यातनं कोल्हापूर ५५ किलोमीटर आहे, तेव्हा जवळचा दवाखाना कुठला, रविवारी उघडा असतो का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

काम झाल्यावर टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढा, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत ठेवा म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. एअर फिल्टर ब्रशनं झाडा, बार काढून खाच साफ करा आणि परत बसवताना बार उलटा करा, दोन्ही बाजू सारख्या झिजतात. चेन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. काढलेलं पेट्रोल ग्रास कटर असला तर त्यात संपवा, फक्त कॅनवरचं प्रमाण त्याला चालतंय का ते बघून.