मद्यपान आणि मातृत्व: जुनी वैद्यकीय मते बचत गटासमोर कशी मांडावीत

सांगली जिल्ह्यात, विशेषतः तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात, या विषयावर बोलताना “वाइन तर द्राक्षांचीच, मग गरोदरपणी का चालत नाही?” असा प्रश्न येणारच हे गृहीत धरावे. वाइन असो, बिअर असो की देशी, त्यातले अल्कोहोल एकच असते आणि ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, हे उत्तर आधीच देऊन मग इतिहासाकडे वळावे.

आरंभ चरकसंहितेपासून करणे सोयीचे आहे. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात, नित्य मद्य घेणाऱ्या गर्भिणीचे मूल सतत तहानलेले, अल्प स्मृतीचे किंवा अस्थिर चित्ताचे होते, असे म्हटले आहे. तेवढेच वाचून दाखवले की टाळ्या मिळतात. पण त्याच यादीत भांडखोर गर्भिणीचे मूल अपस्मारी (फेफरे येणारे) होते असेही विधान आहे, आणि मृत गर्भ काढल्यावर त्या स्त्रीला वेदनांचा विसर पडावा म्हणून तिच्या शक्तीनुसार सुरा किंवा आसव पाजावे, असा उपचारही तिथेच सांगितला आहे. तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. मद्य हे एकाच वेळी दोषही होते आणि औषधही, हे श्रोत्यांना दशमूलारिष्टाच्या, म्हणजे बाळंतिणीला देतात त्या आंबवलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या, बाटलीवरून लगेच पटते.

इंग्लंडकडे वळताना १७२६ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जिन या स्वस्त दारूमुळे दुर्बल मुले जन्मतात असे संसदेला कळवले होते, एवढा उल्लेख पुरे. अधिक वेळ लिव्हरपूलच्या तुरुंगातील डॉक्टर विल्यम सलिव्हन यांच्या १८९९ च्या अभ्यासाला द्यावा. त्यांनी १२० मद्यपी स्त्रियांच्या ६०० मुलांची माहिती जमवली. निम्म्याहून अधिक मुले मृत जन्मली किंवा लहानपणीच दगावली होती. त्या स्त्रियांच्या न पिणाऱ्या नातेवाईक स्त्रियांशी तुलना केली, हे सलिव्हन यांचे मोठेपण. पण तुरुंगात दिसणाऱ्या स्त्रिया गरीबच असणार, सुखवस्तू घरातली पिणारी बाई त्या नोंदीत येणार कशी, हा प्रश्न श्रोत्यांसमोर अवश्य ठेवावा. माझ्या मते व्याख्यानाचा खरा गाभा हाच आहे: वैद्यकाची नजर जिच्यापर्यंत पोहोचली, तिच्यावरच ठपका बसला.

पुढचा भाग ऐकणाऱ्यांना चकित करतो. १९१० मध्ये कार्ल पिअर्सन आणि एथेल एल्डरटन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांना पालकांच्या मद्यपानाचा मुलांवर ठळक परिणाम आढळला नाही, आणि १९६०-७० च्या दशकांत तर अकाली प्रसूती थोपवण्यासाठी डॉक्टर गर्भवतीच्या शिरेतून अल्कोहोल देत. फ्रान्समधील नँट येथील बालरोगतज्ज्ञ पॉल लेमॉयन यांनी १९६८ मध्ये मद्यपी पालकांच्या १२७ मुलांचे वर्णन फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केले. जगाचे लक्ष मात्र १९७३ मध्ये, अमेरिकेतील सिॲटलचे डॉक्टर जोन्स आणि स्मिथ यांनी गर्भावस्थेतील मद्यामुळे मुलांत दिसणाऱ्या या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असे नाव दिल्यावर गेले.

आजचा सल्ला एका वाक्यात द्यावा: गरोदरपणात मद्याचे सुरक्षित प्रमाण माहीत नाही, म्हणून ते टाळावे. कार्यक्रमानंतर कोणी ताई बाजूला येऊन स्वतःविषयी बोलली, तर तिला उपदेश न करता प्राथमिक आरोग्य केंद्राची किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकाची वाट दाखवावी, आणि रोज पुष्कळ पिण्याची सवय असेल तर डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करू नये, हेही सांगावे.