ग्लासातल्या पाण्याला चंदेरी कड आणि काळे डाग: माझा अनुभव

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये (म्हणजे मॉडेलवरून चित्र काढणाऱ्या भागात) रिकामा ग्लास झकास दिसत होता. पाणी भरलं आणि सगळं बिघडलं: पाण्याभोवती आरशासारखी चंदेरी कड, तळाशी काळे डाग. सॅम्पल्स (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) वाढवले, दिवे हलवले, एचडीआरआय (प्रकाश देणारं भोवतालचं चित्र) बदलली. ढिम्म फरक नाही. दोन रात्री यातच गेल्या.

चूक माझ्या मॉडेलमध्येच होती. पाणी काचेपासून केसभर आत, म्हणजे मध्ये हवेचा थर. त्यावर तिरका आदळलेला किरण पूर्ण परावर्तित होतो. कड दिसते ती हीच. दोन्ही पृष्ठभाग तंतोतंत चिकटवले तर आणखी वाईट, नुसते ठिपके.

शेवटी जमलं ते असं. आधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय केलं, म्हणजे वस्तूचं बदललेलं माप पक्कं केलं. ग्लासला सॉलिडिफाय या मॉडिफायरने खरी जाडी दिली, तो अप्लाय करून एडिट मोडमध्ये शिफ्ट-एनने नॉर्मल्स (पृष्ठभागांच्या दिशा) बाहेर वळवले. पाण्याचा मेश (आकाराची जाळी) वरूनही बंद केला. मग त्याच्या फक्त बाजू आणि तळ निवडून अल्ट-एसने काचेच्या जाडीत किंचित घुसवले, बाहेरच्या भिंतीच्या अलीकडेच थांबून. आयओआर (अपवर्तनांक) काचेला १.५, पाण्याला १.३३.

कड गेली, तळाचे डाग मात्र थोडे उरले. लाइट पाथ्स या सेटिंगमध्ये ट्रान्समिशन (किरण पारदर्शक वस्तूंतून किती वेळा पार जाऊ शकतो ती मर्यादा) १२ वरून २४ केलं, तरी तेच! टोटल, म्हणजे किरणाच्या सगळ्या उसळ्यांची एकूण मर्यादा, तीही २४ करावी लागते. नाहीतर किरण आधीच तिथे अडतो.