दंडावरची लाली आणि खरखर

दंडाच्या मागच्या बाजूला लाल ठिपके आणि कायमचा काटा आल्यासारखी त्वचा. आईलाही आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी नाव सांगितलं, केराटोसिस पिलारिस: केराटिन (त्वचेतलं एक प्रथिन) साचून केसांच्या मुळांची तोंडं बुजतात. संसर्ग नाही, कुणाला लागतही नाही. उपाय साधाच निघाला. कोमट पाण्याने अंघोळ, आणि अंग ओलसर असतानाच १० टक्के युरियाचं क्रीम. रात्री लॅक्टिक अ‍ॅसिडचं लोशन. वॅक्सिंग केलेल्या दिवशी मात्र नको, जाम चुरचुरतं. वजरी, स्क्रब बंद; घासलं की लाली वाढतेच. (उटणं दिवाळीपुरतं, तेही हलक्या हाताने.) काही आठवड्यांत खरखर बरीच गेली. लाली हट्टी आहे, ती हळूहळू फिकी होतेय. क्रीम थांबवलं की थंडीत सगळं परत येतं, त्यामुळे ते चालूच ठेवलंय.