अमेरिकेत नव्याने आलात? फोन घेण्याआधी लॉकचं बघा

भारतात जिओचं सिम काढून एअरटेलचं घातलं की फोन चालू राहतो, त्यामुळे फोन एखाद्या कंपनीला बांधलेला, म्हणजे लॉक्ड, असतो ही गोष्ट बहुतेकांना इथे आल्यावरच कळते. तीही अवेळी. बँकेचा ओटीपी यावा म्हणून भारतातलं सिम नव्या फोनमध्ये घालायला जावं आणि फोनने ते नाकारावं. दोन सिमची सोय असलेल्या लॉक्ड फोनमध्येही दुसरं सिम त्याच कंपनीचं लागतं, हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

म्हणून पहिला सल्ला: पहिलं वर्षभर तरी भारतातून आणलेला फोन वापरा, नाहीतर पूर्ण पैसे भरून अनलॉक्ड फोन घ्या. भारतातून आणलेला फोन लॉक नसतो, पण तो इथल्या नेटवर्कवर चालेलच असं नाही. 2022 मध्ये इथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी 3जी बंद केलं, त्यामुळे साध्या कॉललाही सहसा व्होल्टी (4जीवरून कॉल करण्याची सोय) लागतं. एटी अँड टी आपल्या यादीतल्या मॉडेल्सनाच ते देते. *#06# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) मिळवा आणि सिम घेण्याआधी कंपनीच्या साइटवर तपासा.

"फुकट फोन"च्या जाहिराती नीट वाचा. तो फोन फुकट नसतो. त्याची किंमत 24 किंवा 36 महिन्यांच्या हप्त्यांत विभागलेली असते आणि तेवढीच सूट दर महिन्याच्या बिलात मिळते. फोन अनलॉक करायचा तर उरलेले सगळे हप्ते एकदम भरावे लागतात, आणि बऱ्याच योजनांत तसं केलं की पुढची सूट थांबते. हे दुकानात तोंडी विचारू नका, करारात बघा. ज्यांना वर्षा-दीड वर्षात भारतात मोठी फेरी करायची आहे, त्यांना हा व्यवहार सहसा महागच पडतो.

नियम कंपनीगणिक वेगळे आहेत. एटी अँड टीकडे पोस्टपेड फोनचे पूर्ण पैसे भरलेले हवेत आणि तो 60 दिवस वापरात असायला हवा. प्रीपेडला सहा महिने पैसे भरून सेवा घेतलेली हवी. टी-मोबाइलकडे पोस्टपेडला 40 दिवस आणि पूर्ण पैसे, प्रीपेडला साधारण वर्ष. व्हेरायझनचे फोन कित्येक वर्षं 60 दिवसांनी आपोआप अनलॉक होत, आणि आपल्याकडचे जुने लोक अजून तेच सांगतात. त्यावर विसंबू नका. हे नियम बदलत राहतात, म्हणून खरेदीच्या दिवशी अनलॉकच्या अटींचं पान सेव्ह करून ठेवा.

एटी अँड टीकडे अनलॉकचा अर्ज ऑनलाइन होतो. त्यानंतर ईमेलवर एक दुवा येतो, त्यावर 24 तासांत क्लिक केलं नाही तर अर्ज रद्द होतो. तो ईमेल स्पॅममध्ये गेल्यामुळे अडकलेले लोक बरेच. उत्तर साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत येतं. नकार आला तर कारण बहुधा तीनांपैकी एक असतं: शेवटचा हप्ता भरला पण खात्यात अजून जमा दिसत नाही, जुनं बिल थकलं आहे, किंवा आयएमईआय चुकला आहे. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, त्यामुळे सेटिंग्जमधून नीट पाहून लिहा.

अनलॉक झाल्याची खात्री स्वतः करा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं गेल्यावर कॅरिअर लॉकसमोर "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" दिसायला हवं. अँड्रॉइडवर खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घालून कॉल करून बघणं. काही फोनना अनलॉक कोड लागतो. तो अंदाजाने टाकत बसू नका, ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन कायमचा अडतो.

सैन्यात असलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. ग्रीन कार्डवर अमेरिकेच्या सैन्यात भरती होता येतं, आणि आपल्यातली काही मुलं-मुली तिथे आहेत. परदेशी तैनातीचे आदेशपत्र दाखवलं आणि खात्यावर थकबाकी नसली, तर मोठ्या कंपन्या फोन अनलॉक करून देतात. कंपन्यांनी आपल्या ग्राहकसंहितेत तसं वचन दिलं आहे. कागद आधी ईमेल करा, निघण्याच्या आठवड्यात नको. शिवाय सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ अ‍ॅक्ट या सैनिकांसाठीच्या कायद्याखाली, किमान 90 दिवसांसाठी अशा ठिकाणी बदली झाली जिथे कंपनीची सेवा नाही, तर करार दंडाशिवाय मोडता येतो. बदली तीन वर्षांपर्यंतची असेल आणि ती संपल्यावर 90 दिवसांत पुन्हा सेवा घेतली, तर जुना नंबरही परत मिळतो. यासाठी लेखी सूचना आणि आदेशाची प्रत द्यावी लागते. फोनचे उरलेले हप्ते हा मात्र वेगळा हिशेब, तो माफ होईल असं धरून चालू नका.

भारतात आईवडिलांसाठी फोन नेणार असाल तर आणखी एक गोष्ट. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन 14 पासून सिमचा कप्पाच नाही, फक्त ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम) चालतं. जिओ, एअरटेल आणि व्हीआय ई-सिम देतात, पण सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद राहतात. त्या दिवशी बँकेचं काम ठेवू नका. तुमचं स्वतःचं भारतातलं सिम ई-सिम करायचं असेल, तर ते भारतात असतानाच उरका.

जुना फोन विकत घेताना आयएमईआय काळ्या यादीत आहे का, हे पैसे देण्याआधीच तपासा. चोरीला गेलेला किंवा हप्ते थकलेला फोन अनलॉक करूनही इथल्या नेटवर्कवर उपयोगाचा नाही. पैसे घेऊन "कुठलाही फोन उघडून देतो" म्हणणाऱ्यांनाही ती यादी पुसता येत नाही.